भिकीमावशीची चटई

१

पान उलटलेलं होतं.

एवढंच झालं होतं, आणि एवढ्याला कुणी घाबरत नाही हे मलाही कळतं. वर पंखा, खाली उघडं ठेवलेलं पुस्तक. पान उलटणारच. पण मी दचकले, आणि दचकले हे कुणाला सांगितलं नाही. दाराची कडी वाजली तरी दचकणारी मुलगी म्हणून मी आधीच प्रसिद्ध आहे.

आमची पद्धत सांगायला हवी. डहाणूत स्टेशनपासून थोडं आत, चिकू पॅक करायच्या एका जुन्या शेडमध्ये आमची कलेच्या पुस्तकांची छोटी लायब्ररी आहे. चित्रं, नाटक, गाणं, विणकाम यांवरची पुस्तकं. महिन्यातून एकदा चित्रांची कार्यशाळा, अधूनमधून कुणाचं गाणं, आणि दर शनिवारी चार वाजता वाचन. हे सगळं मी सांभाळते. वाचनाला आम्ही पाचजण, म्हणून पाच चटया गोल अंथरायच्या. पुस्तकाची प्रत एकच. आपलं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि पुस्तक उजवीकडच्याला द्यायचं. जो आला नसेल त्याचीही चटई अंथरायची. पुस्तक त्या चटईवर उघडं ठेवायचं, मनात पाच आकडे मोजायचे, मग उचलून पुढच्याला द्यायचं, आणि न आलेल्याचं पान त्यानं वाचायचं. हा नियम माझा. न आलेल्या माणसाची जागा कुणी सरकून भरू नये, असं मला वाटायचं. पाहुण्यांना हा नियम फार आवडायचा.

त्या शनिवारी भिकीमावशीची चटई रिकामी होती. बोटीवरच्या एका स्वयंपाक्याच्या आठवणींचं पुस्तक चालू होतं. मी शहाऐंशी नंबरचं पान वाचलं आणि पुस्तक तिच्या चटईवर ठेवलं. मोजताना मी खाली बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. पाच झाले. उचललं तर समोर अठ्ठ्याऐंशी.

मी एक पान मागे घेणार, तेवढ्यात तिच्या चटईपलीकडे बसलेल्या गोविंदरावकाकांनी हात पुढे करून पुस्तक घेतलं आणि अठ्ठ्याऐंशीपासून वाचायला लागले. पानाच्या सुरुवातीलाच अर्धवट वाक्य होतं, तरी ते अडखळले नाहीत. कुणी काही म्हणालंही नाही.

नंतर चहाच्या वेळी रूपेश सांगत होता, की कप्तानाच्या नव्या टोपीतून भाताची पेज गाळणारा तो स्वयंपाकी म्हणजे हुबेहूब त्याचा तलासरीचा मामा. वर्षाला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. सगळे हसले म्हणून मीही हसले.

टोपीतून पेज गाळल्याचं मी कुठे ऐकलं नव्हतं. सगळे गेल्यावर मी पुस्तक उघडून शोधलं. ते सत्त्याऐंशी नंबरच्या पानावर होतं. जे पान त्या दिवशी कुणी वाचलंच नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. मग ठरवलं, की रूपेशनं हे पुस्तक आधी कुठेतरी वाचलं असणार. वर्षा आणि काका मात्र का हसले, याचा विचार मी केला नाही. एखादी गोष्ट नीट लागत नसेल तर तिच्याकडे बघायचंच नाही, ही सवय मला लहानपणापासून आहे.

२

भिकीमावशी का आली नाही ते मला माहीत होतं. म्हणूनच मी चौकशी केली नव्हती.

ती रानशेतची. चिकूच्या वाड्यांमध्ये तोडणीला जायची, पावसात लावणीला. पन्नाशीला आल्यावर पाड्यावरच्या रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकली. शनिवारी अर्ध्या दिवसाचा खाडा करून, टमटममध्ये सहा बायकांत कोंबून घेऊन आमच्याकडे यायची. एक पान वाचायला तिला पंधरा मिनिटं लागायची. प्रत्येक शब्द आधी ओठांतल्या ओठांत करून बघायची आणि मगच बाहेर सोडायची. एकदा मी घाईनं तिचा शब्द पुरा केला, तर म्हणाली, "थांब ना बाय. तुझी एक्स्प्रेस, माझी मालगाडी. पोचते ती पन."

आम्ही थांबायचो. खरंच थांबायचो. काका डोळे मिटून ऐकायचे, रूपेश वहीत तिची बोटं काढत बसायचा. तिच्या तोंडून आलेलं वाक्य आपण पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटायचं.

मग लायब्ररीचा तिसरा वर्धापनदिन आला. लायब्ररी चालवणाऱ्या ट्रस्टचे लोक मुंबईहून येणार होते, सोबत चार पाहुणे आणि एक कॅमेरावाला. वाचनाला वीस मिनिटं मिळाली होती. मी आठवडाभर हिशोब करत होते. पाच माणसं, पाच पानं, वीस मिनिटं. त्यात मावशीचीच पंधरा. तिला आधी बाजूला घेऊन सांगायचं असं ठरवलं होतं. मंगळवारी ठरवलं, गुरुवारी ठरवलं. शनिवारी ती नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली, तेव्हा मला तोंड उघडवलं नाही.

माझं पान संपलं. माझ्या उजवीकडे ती. तिनं दोन्ही हात पुढे केले. मी पुस्तक तिच्या हातांवर दिलं नाही, हातांच्या खाली, चटईवर ठेवलं, आणि मनात पाच मोजले. मग उचललं आणि तिच्या पलीकडे गोविंदरावकाकांना दिलं.

ती समोर बसलेली असताना.

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. वर्षानं मान खाली घातली. पाहुण्यांना तो आमच्या नियमाचाच भाग वाटला असावा, एका बाईंनी कौतुकानं फोटोही काढला. मावशीचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिनं ते मागे घेतले आणि तळव्यानं आपली चटई हळूच थोपटली. आपण बसलोय ना, हे चाचपून बघावं तशी.

निघताना ती दाराशी थांबली. "जाते बाय," म्हणाली. मी ट्रस्टच्या साहेबांशी बोलत होते. तिच्याकडे न बघता मी हात हलवला.

मी तिला पाहिलं ते तेवढंच. खरं तर तेव्हाही पाहिलं नव्हतं.

३

पुढचे तीन शनिवार तिची चटई रिकामीच होती. पान मात्र दर वेळी उलटलेलं असायचं. मी पंखा बंद करून पाहिला. मे महिन्यात पंखा बंद केला म्हणून काका कुरकुरले. पान उलटलंच.

चहाचं सांगते. मी चार ग्लास मांडायची, वर्षा पाचवा आणायची. माझ्या ते लक्षात यायचं, पण तिचाही तोच विचार असेल, न आलेल्याची जागा, असं मी धरून चालले. ग्लास विसळताना एकदा पाहिलं, पाचही रिकामे होते. पाचव्याच्या तळाशी साखर उरली होती. मावशीला साखर जास्त लागायची. माझ्या हातून तो ग्लास मोरीत पडला.

शेवटी मी तिच्या मुलाला, बाबल्याला फोन लावला. तो अच्छाडला एका ढाब्यावर कामाला आहे, मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. आईची तब्येत बरी आहे का, मी विचारलं. बरी आहे, म्हणाला. मग शनिवारी येत का नाही, विचारल्यावर तो म्हणाला,

"मॅडम, आई तर तुमच्याकडंच येते ना. परवा पन आलेली. ते बोटीवाल्याचं सांगत होती आम्हाला, टोपीचं."

मी घाईनं हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. ती घरी लायब्ररीचं नाव सांगून बाजारात जात असेल. अपमान झाला हे घरच्यांना कशाला सांगेल? टोपीची गोष्ट वाटेत वर्षानं सांगितली असेल. दोघी एकाच टमटमनं जातात. सगळं लागत होतं, नीट लावलं तर.

वर्षा दवाखान्यात नर्स आहे, माझी जुनी मैत्रीण, उगाच गोड बोलणारी नव्हे. तिला विचारायचं म्हणून मी सुरुवात केली, की मावशीचं काय करायचं गं. तिनं मला पुरं बोलूच दिलं नाही.

"तू तिच्याशी बोलत नाहीस, ते तुमचं तुम्ही बघा. मला मधे घेऊ नकोस. पण एक सांगते दिशा, ती तुझ्यासारखी कॉलेज शिकली असती तर तू असं वागली नसतीस."

मला वाटलं, मी फोन करत नाही म्हणून बोलतेय. मान खाली घालून ऐकून घेतलं. तेव्हाच एक प्रश्न विचारायचा होता. भिकीमावशी कुठे बसते गं? एवढाच. पण असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे लोक कसे बघतील, याची मला भीती वाटली.

४

मग रूपेश यायचा थांबला. हायवेला ट्रकांची रांग लागली की तलासरीहून येणाऱ्याचे दोन तास जातात, तेच असेल म्हटलं. त्याच्या चटईवर वर्षानं पुस्तक ठेवलं, मी मोजलं. पुढच्या शनिवारी गोविंदरावकाका नव्हते. चिकूचा माल निघत होता, वाडीत माणूस लागतं. त्याच्या पुढच्या शनिवारी वर्षाही नाही. ड्यूटी.

एकालाही मी फोन केला नाही. कारणं माझ्याकडे तयार होती, आणि त्यांनी ती खोटी ठरवली असती तर मग खरं कारण ऐकावं लागलं असतं. की आम्ही तुझ्यामुळे येत नाही. त्या दिवशी तू जे केलंस त्यामुळे.

दोन शनिवार मी एकटी बसले. चार वाजता दार उघडायचं, झाडायचं, पाच चटया अंथरायच्या, माझ्या चटईवर बसायचं. शेडचे पत्रे तापून टक् टक् वाजतात. आंब्यावरून खार पत्र्यावर उडी मारते. हे आवाज मला पाठ आहेत. पण चटईचा आवाज वेगळा असतो. बसलेलं माणूस मांडी बदलतं तेव्हा गवताच्या काड्या जसा आवाज करतात, तसा तो अधूनमधून यायचा. मी मान वळवली की थांबायचा. नव्या चटया आहेत, उष्णतेनं सुटतायत, असं मी पुटपुटलेसुद्धा. दुसऱ्या शनिवारी घरी गेल्यावर आठवलं, की चटया तीन वर्षांच्या जुन्या आहेत.

महिनाअखेरीला ट्रस्टला हजेरी कळवायची असते. मी खरं ते लिहिलं. वाचनाला आता कुणी येत नाही, दोन आठवडे शून्य. लिहिताना रडू आलं, पण खोटं कसं लिहिणार? शुक्रवारी सकाळी मेल पाठवला, संध्याकाळी उत्तर आलं. वाईट वाटलं, पण समजू शकतो. उद्याचं शेवटचं वाचन करावं आणि पुढच्या महिन्यापासून ती वेळ शिवणवर्गाला द्यावी.

रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर तिचे पुढे केलेले हात होते. बाबल्याकडून निरोप द्यायचा, सकाळी रानशेतला जाऊन पाया पडायचं, काय काय ठरवलं. सकाळी धीर झाला नाही. तिची पाळी मी गिळली होती, आणि आता पाळी येणारी जागाच मी बंद करून टाकली होती.

५

त्या शेवटच्या शनिवारी मी पाच चटया अंथरल्या आणि बसले. पुस्तक समोर स्टुलावर ठेवलं. चार वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा धीर करून वर्षाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग तिचा मेसेज आला.

"वाचन चालू आहे. फोन नको करूस."

मी लिहिलं, कसलं वाचन, कुठे?

"लायब्ररीत. कुठे म्हणजे? चौघं आहोत."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. दार उघडं होतं. बाहेर ऊन, आंब्याखाली एक कुत्रा झोपलेला. आत मी आणि चार रिकाम्या चटया. चौघं कोण, असं मी विचारलं.

"काका, रूपेश, मी, मावशी. मावशीनं एकही शनिवार चुकवलेला नाही. तू शेजारी बसून तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतीस, ते बघत होतो आम्ही. आता तर तूच येत नाहीस. दार उघडं, पंखा चालू, चटया घातलेल्या, आणि तू गायब. हा तिसरा शनिवार. काय चाललंय तुझं?"

मी लिहिलं, मी इथेच आहे. माझ्या चटईवर बसलेय.

मग उत्तर आलं.

"तुझी चटई रिकामी आहे दिशा. आम्ही पुस्तक ठेवून पाच मोजतो."

मी फोन उलटा करून जमिनीवर ठेवला. स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावर पुस्तक नव्हतं. ते माझ्या उजवीकडच्या चटईवर उघडं होतं, तिच्या चटईवर, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं पान उभं राहिलं, थोडं थांबलं, बोट ओलं करून धरलेलं पान थांबतं तसं, आणि पलीकडे पडलं.

पंखा चालू होता. मी ते मनात म्हणूनही पाहिलं, पंखा चालू आहे. या वेळी त्याचा उपयोग झाला नाही.

मी पळाले नाही, याचं मला अजून नवल वाटतं. एरवी मी पहिली पळते. पण पळून जायचं कुणापासून? ही माणसं माझी होती. तीन वर्षं आम्ही एकमेकांचा आवाज ऐकत आलो होतो. ती इथेच होती, एका हाताच्या अंतरावर, आणि मी शुक्रवारी मेल लिहून कळवलं होतं की कुणी येत नाही.

मी वर्षाला हाक मारली. मोठ्यानं, खोलीत. मग काकांना, मग रूपेशला. पत्रे टक् टक् वाजत राहिले. रूपेशच्या चटईच्या कडेला काडी मोडल्यासारखा आवाज आला. पुन्हा मारली, एकेकाच्या चटईकडे तोंड करून. कुत्र्यानंही मान उचलली नाही.

एकच नाव राहिलं होतं. वर्धापनदिनापासून मी ते तिच्यासमोर घेतलंच नव्हतं. तिच्या चटईकडे सरळ बघायचंही टाळत आले होते. आता मी वळले आणि पाहिलं. चटईच्या कडेशी, लुगड्याच्या काठाखाली, एक टाच होती. भेगा पडलेली, वाळल्या चिखलाचा पापुद्रा धरलेली. डोळा लवला आणि तिथं नुसतं गवत होतं, दबलेलं.

"मावशी," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, "भिकीमावशी, चुकलं माझं. तुम्ही वाचा. कितीही वेळ लागू दे, मी ऐकतेय. मला फक्त एकदा ओ द्या."

काही नाही. मी तळवा तिच्या चटईवर ठेवला. ती कोमट होती, कुणी बसलेली चटई असते तशी.

"भिकीमावशी."

आणि अगदी उजव्या कानाशी, वाचताना मधेच थांबल्यासारखा, तिचा आवाज आला.

"बाय? कुठं आहेस तू? आम्ही सगळी कधीची हाक मारतोय तुला."